पिवळी रेघ

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. मुग्धापाशी तर नाहीच — ती माझी बायको, आणि हे तिच्याच वडिलांबद्दल आहे. आता तुम्हाला सांगायला बसलोय आणि स्वतःचीच भयंकर चीड येतेय. येऊ दे.

२०१४ चा उन्हाळा. मी जर्मनीत, रेगेन्सबर्गला, गाड्यांच्या कारखान्यात सस्पेन्शनचा इंजिनिअर. कोणता बोल्ट किती आवळायचा हे ठरवण्याचा मला पगार मिळायचा — हे लक्षात ठेवा. पस्तिशीत डोक्यात खूळ शिरलं आणि जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. मग मागच्या चाकांचे मूळचे आर्म, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणारे दांडे, काढून बाहेरून मागवलेले भारी आर्म घरीच बसवायचे ठरवले. वर्कशॉपला कशाला द्यायची? मी इंजिनिअर ना!

बाबा, म्हणजे माझे सासरे, तीन महिन्यांसाठी आले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस, फ्लॅटमध्ये बसून आंबून गेलेला. मी गॅरेज उघडलं तसे बाह्या सरसावून हजर. आणि हात काय होता हो त्यांचा! ज्या गंजक्या बोल्टाशी मी अर्धा तास झटलो, तो त्यांनी दोन मिनिटांत काढून हातात दिला. मला कौतुक वाटायला हवं होतं की नाही? मला राग आला. त्यांच्यासमोर मला मोठं दिसायचं होतं, बस्स.

हे बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, आणि गाडी खाली टेकवून वजन चाकांवर आलं की मग पुरते आवळायचे. आमच्या कारखान्यात शिस्त अशी, की बोल्ट पुरता आवळला की त्यावर पिवळी रेघ मारायची. रेघ म्हणजे काम झालं. बाबांना ही शिस्त मीच शिकवली — मोठ्या तोऱ्यात! आणि मीच, गाडी जॅकवर असतानाच, सगळ्या बोल्टांवर रेघा ओढून मोकळा झालो. का? तर गाडी टेकल्यावर खाली पाना पोचतो, पण रेघ मारायला हात नीट पोचत नाही म्हणून.

गाडी खाली घेतली. डावी बाजू मी आवळली. तेवढ्यात वरचा शेजारी येऊन ओरडायला लागला — झोनटाग! रूहे! म्हणजे रविवार आहे, शांतता! रविवारी ठोकाठोक चालत नाही हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. घाईघाईत हत्यारं गोळा करायला लागलो. बाबा म्हणाले, "जावईबापू, उजवीकडचं राहिलंय वाटतं." मी वाकलो, मला माझीच रेघ दिसली आणि खरी वाटली. वर खेकसलो, "रेघ दिसत नाही का बाबा? ही एसटी नाही!" त्यांनी हातातला पाना पुसून पेटीत ठेवला.

तीन आठवड्यांनी मुग्धाला घेऊन निघालो होतो. आउटोबानवरून, म्हणजे तिथल्या हायवेवरून, उतरताना मागे खडखड झाली, उजवं चाक तिरकं फिरलं आणि गाडी गरकन वळून कठड्यावर आदळली. मुग्धाच्या खांद्याचं हाड मोडलं. मला काहीच झालं नाही. नंतर खाली वाकून पाहिलं — उजवीकडचा बोल्ट गायब. त्या क्षणी मला सगळं कळलं.

हॉस्पिटलात मुग्धाने विचारलं, कसं झालं रे? बाबा तिच्या उशाशी उभे होते. आणि मी — नीच माणूस मी — म्हणालो, "उजवी बाजू बाबांनी आवळली होती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला हवं होतं त्यांनी! कानफटात द्यायला हवी होती! पण पोरीचा संसार समोर. ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं. वय झालं."

मी काय म्हणालो माहितेय? "असू द्या बाबा, होतं असं." — माफ केलं मी त्यांना!

गेल्या दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे होतो. मिक्सर बंद पडला. बाबांनी सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला. मुग्धाने तो अलगद काढून घेतला, लहान मुलाच्या हातून घ्यावा तसा. म्हणाली, "राहू दे बाबा, हा बघेल." आणि माझ्या हातात दिला.

मी मिक्सर उघडला.