आला नव्हे, आली

आमची सुलक्षणा रक्ताला कधी घाबरली नाही. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणून तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. पबमध्ये डोकी फोडून घेतलेल्यांना टाके घालता घालता ती मला रविवारच्या जेवणाचा बेत सांगायची. मी तिथेच रिसेप्शनला. या बाईला धास्ती एकाच गोष्टीची, लेकीचं मराठी बिघडण्याची. इथेच जन्मलेली शिल्पा दारात येऊन "आई, तू आला?" म्हणाली, की कोट काढायच्या आधी ही म्हणणार, "आला नव्हे, आली." पोर तापानं फणफणलेली असली तरी तेच! मी म्हणायचे, "अगं, आधी तिला जवळ घे, व्याकरण कुठे पळून जात नाही." पण ऐकेल तर ती सुलक्षणा कसली.

पुढे शिल्पानं फार्मसीचा कोर्स अर्ध्यात सोडला आणि लंडनला जाऊन एका सिनेमात काम घेतलं. सिनेमा तरी कसला? मुखवटा घातलेला माणूस कॉलेजातल्या पोरांना एकेक करून सुऱ्यानं मारतो! फोनवर मायलेकींची जुंपली तेव्हा मी सुलक्षणाच्याच किचनमध्ये कांदा चिरत होते. शेवटी पोर रडत ओरडली, ते मला टेबलापर्यंत ऐकू आलं. "मग मी गेला, आई! तुझ्यासाठी मी गेला!"

आणि सुलक्षणा म्हणाली, "गेला नव्हे, गेले."

तिकडून फोन आपटला. "डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं. ती सिंकपाशी पाठ करून उभी राहिली, नळ सोडून. त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं बंद. मला दोघींचाही राग यायचा, पण जास्त हिचाच.

सिनेमा अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात लागला आणि पेपरवाल्यांनी त्याची पार सालटी काढली. एकानं एकच तारा दिला, आणि तोही प्रोजेक्टर चालवणाऱ्याला देतोय, असं लिहिलं. शिल्पाबद्दल एकच ओळ होती: ती इंडियन मुलगी मरताना काहीतरी अगम्य बरळते. मेल्याच्या जिभेला काही हाड!

सुलक्षणानं ती ओळ कॅन्टीनमध्ये पुन्हा पुन्हा वाचली. चहा गार झाला. "काय बरळली असेल गं?" तिनं विचारलं.

"मला काय ठाऊक? जाऊन बघ."

"पोटच्या पोरीला मरताना बघू?"

पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सिनेमाला कुत्रं फिरकत नव्हतं, गुरुवारी तो उतरणार होता. बुधवारी ती माझ्या काउंटरपाशी येऊन म्हणाली, "अलका, उद्या दुपारी चल." मी तिच्या नकळत शिल्पाच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला. "आई उद्या इथे बर्मिंगहॅमला तुझ्या सिनेमाच्या मॅटिनीला येतेय. तू आलीस तर बरं. नाहीतर दोघी बसा आपापल्या घरी फुगून." निरोप तिनं ऐकला की नाही, देव जाणे.

थिएटरात आम्ही दोघी आणि पॉपकॉर्न उधळणारी पाचसहा टोणगी. प्रत्येक खुनाला ती पोरं खिदळत होती. मी मागच्या दाराकडे वळून वळून बघत होते. कुणी येत नव्हतं. सुलक्षणानं पर्स पोटाशी धरली होती.

पडद्यावर शिल्पा आली. कॉलेजचा स्विमिंग पूल, दिवे गेलेले. पोर ओल्या केसांनी लॉकरच्या आड लपलेली. खोटं आहे हे मला कळत होतं, तरी मी दाराकडे बघायचं विसरले. सुलक्षणानं माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली. मुखवटा हळूहळू जवळ आला. शिल्पा पळाली, ओल्या फरशीवर सपशेल आपटली, आणि किंचाळली. हेल्प नाही, नो नाही.

"आई गं!"

टोणगी फिस्सकन हसली. आणि माझ्या शेजारची बाई ताडकन उभी राहिली. कॅज्युअल्टी दणाणून सोडणाऱ्या आवाजात ओरडली, "आले गं, आले!"

पडद्यावर सुरा खाली आला. थिएटर हसून लोळायला लागलं. मी मागे वळून शुद्ध मराठीत खेकसले, "गप्प बसा रे मेल्यांनो!" आणि तेव्हा मला दिसलं, मागच्या दाराशी कोट घातलेलं कुणीतरी उभं होतं.

"आई?" अंधारातून बारीक आवाज आला. "तू आला?"

देवा, आता तरी हिची जीभ आवर!

सुलक्षणा खुर्च्यांवर गुडघे आपटत, पर्स तिथेच टाकून दाराकडे धावली.

"हो गं राणी," ती रडत म्हणाली. "आला. तुझी आई आला."