तिचा आवाज कापत नव्हता

सोळा वर्षांच्या एका मुलीने मला विचारलं, "काका, माझा आवाज कापत होता का?" आणि मी म्हणालो, "थोडासा. होतं असं कधी कधी."

तिचा आवाज कापत नव्हता. त्या सकाळी मैदानावर नेमकं काय बिघडलं हे आमच्या बाजूच्या माणसांत दोघांनाच ठाऊक होतं, त्यातला एक मी, कारण बिघडवलं मीच होतं. ते लपवण्यासाठी मी तो दोष एका पोरीच्या घशावर ढकलला. पन्नाशीच्या माणसाला हे शोभत नाही, आणि म्हणूनच ते लिहून ठेवतो आहे.

आम्ही शारजात राहतो. माझी मुलगी फ्लॅग फुटबॉल खेळते. अमेरिकन फुटबॉलचा हा सौम्य प्रकार. अंगावर पडायचं नाही, ढकलायचं नाही. प्रत्येकीच्या कमरेला दोन पट्ट्या लटकवलेल्या असतात. चेंडू जिच्या हातात तिची पट्टी ओढली की डाव तिथेच थांबतो. चेंडू लंबगोल, सोललेल्या नारळासारखा. तो कुणाकडे, कधी आणि किती लांब फेकायचा हे जी ठरवते ती क्वार्टरबॅक. हे सगळं समजायला मला एक अख्खा हिवाळा लागला. तोवर मी चुकीच्या वेळी टाळ्या वाजवायचो आणि मुलगी घरी आल्यावर म्हणायची, "बाबा, प्लीज, जस्ट क्लॅप व्हेन अदर्स क्लॅप."

आमची क्वार्टरबॅक अजमानला राहायची. घरचे मूळचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. वडील फुजैऱ्याच्या बंदरात नोकरीला, आठवडाभर तिकडेच, सुट्टीपुरते घरी. त्यामुळे शनिवारी सकाळी तिला घ्यायला उलटं अजमानला जायचं आणि मग दुबईच्या मैदानावर, ही जबाबदारी माझी. गाडीत मागे दोघी. माझी मुलगी माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. ही पोरगी कोकणी हेल काढून झकास मराठी बोलायची. मला मनातून जरा झोंबायचंच. भाषेचा अभिमान मी मिरवायचा आणि भाषा हिच्या घरात.

त्या मराठीचाच तिने उपयोग केला होता. समोरच्या मुली कशा उभ्या आहेत ते पाहून क्वार्टरबॅक शेवटच्या क्षणी बेत बदलते आणि मोठ्याने एक शब्द ओरडते. तो शब्द समोरच्यांना कळता कामा नये. हिने शब्द ठरवले ते गावाकडचे. 'माड' म्हणजे उंच आणि लांब, उजव्या कडेने धावणाऱ्या माझ्या मुलीकडे. 'ओहोटी' म्हणजे सगळ्यांनी पुढे धावल्यासारखं करायचं आणि मागे वळायचं, चेंडू जवळच मधोमध. 'होडी' म्हणजे फेकायचाच नाही, बाजूने पळत येणाऱ्या मुलीच्या हातात द्यायचा. संघात लेबनॉनची, केनियाची, फिलिपिन्सची मुलगी, आणि सगळ्यांना ओहोटी पाठ. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकताना मला उगाचच भरून यायचं.

चाहते म्हणाल तर आम्ही तिघे. तिचे वडील, मी, आणि आमच्या ऑफिसातला एक नागपूरकर. याचं कुटुंब नागपुरात, इथे त्याचं कुणीच खेळत नव्हतं. तरी दर शनिवारी घडीची खुर्ची घेऊन हजर. "घरी बसून भिंतीशी बोलू काय, बाप्पा," म्हणायचा.

उपांत्य फेरीचा सामना शनिवारी होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी, ऑफिस अर्धा दिवस. सुटल्यावर आम्ही दुबईच्या करामा भागात जेवायला गेलो. मी, नागपूरकर आणि आमचाच एक पुणेकर सहकारी. पुणेकराची मुलगी आमच्या विरुद्धच्या संघात होती, बचावात. म्हणजे थाळीवर दोन्ही पक्ष एकत्र आले होते.

"उद्या लवकर आटपेल ना?" पुणेकराने भाताला आमटी लावत विचारलं. "दुपारी बाहेर जायचा बेत आहे आमचा."

"लवकर आटपन," नागपूरकर म्हणाला. "तुमच्या पोरी रडून झाल्या की निघा."

"तुमची ती क्वार्टरबॅक म्हणे फार लांब फेकते."

"फेकते? अरे, ती पोट्टी चेंडू पाठवते. पत्त्यावर. मागच्या सामन्यात पाहिलं ना मी, चेंडू हवेत, घेणारी अजून वळली बी नव्हती, आन् वळली तर हातात."

"घेणारी माझी मुलगी होती," मी म्हणालो.

"हो, पण तिनं फक्त हात पुढे केले. ते तर मी बी करतो, बिल आलं की सोडून."

पुणेकर हसला. "ताकद असेल. पण मोठ्या सामन्यात डोकं शांत लागतं. साखळीत सगळेच वाघ असतात."

"तिचं डोकं बर्फ आहे," मी म्हणालो.

"बरं. आणि तुझी मुलगी? तिला मराठीत 'उजवीकडे' कळतं का आता? परवा मी फोनवर विचारलं, बाबा कुठे आहेत, तर म्हणाली, ही इज इन द शॉवर, अंकल."

तो नेहमीच असं बोलायचा. त्यात खोडी असायची, वाईटपणा नसायचा. पण त्या दिवशी मला ते लागलं. मी म्हणालो, "मैदानावर ती मराठीतच खेळते. सगळा संघ मराठीत खेळतो."

"हो का?"

नागपूरकराने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी दुर्लक्ष केलं. मी ताटातल्या वाट्या काढून मांडल्या. आमटीची वाटी क्वार्टरबॅक, ताकाचा पेला माझी मुलगी, लिंबाच्या फोडी समोरचा बचाव. माड म्हणजे काय, ओहोटी म्हणजे काय, सगळं दाखवलं. होडी दाखवताना ताक सांडलं. पुणेकर अगदी मन लावून ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, "वा. छान आहे रे. हे तू मला का सांगतोयस?"

"तुला काय कळतंय फुटबॉलमधलं," मी म्हणालो.

त्याला खरंच कळत नव्हतं. त्याने ते रात्री जेवताना घरी गंमत म्हणून सांगितलं. कळत होतं ते त्याच्या मुलीला.

सकाळी मैदानावर गवत ओलं होतं, हवा छान. पहिल्या काही डावांत आमच्या मुली सहज पुढे सरकल्या. मग आमच्या क्वार्टरबॅकने समोर पाहिलं आणि ओरडली, "माड." पुणेकराची मुलगी चेंडू हातातून सुटायच्या आधीच वळून मागे धावत सुटली. माझ्या मुलीपर्यंत चेंडू पोहोचला तेव्हा पुणेकराची मुलगी तिथे आधीच उभी होती. तिने तो अलगद झेलला.

नागपूरकराने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मैदानाकडे.

"ओहोटी," ती ओरडली, तेव्हा समोरच्या तिघी मधोमध गोळा झाल्या. "होडी," तेव्हा पळत येणाऱ्या मुलीची पट्टी तीन पावलांतच ओढली गेली. क्वार्टरबॅक गोंधळून स्वतःच्या हाताकडे बघत होती, जणू त्यानेच काही चहाडी केली असावी.

मध्यंतर झालं. कोच मुलींना पाणी देत होत्या. मी बारा-पंधरा पावलं चालून गेलो असतो आणि म्हणालो असतो, शब्द बदला, फुटले आहेत, तर दुसऱ्या भागात सामना फिरला असता. मी उठलोसुद्धा. पण खुर्चीत शेजारी तिचे वडील बसले होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, चाय आणायला चाललात?" मी म्हणालो हो, आणि चहा आणला.

आम्ही हरलो. परतताना गाडीत मागे त्या दोघीच. क्वार्टरबॅकच्या वडिलांना फुजैऱ्याहून बोलावणं आल्यामुळे ते तिथूनच परस्पर गेले होते. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना तिने तो प्रश्न विचारला. तिला वाटत होतं, आवाज कापला म्हणून समोरच्यांना तिची भीती कळली आणि त्या बरोब्बर जागी पोहोचल्या. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. मी म्हणालो, "थोडासा."

दोन दिवसांनी तिने कोचला कळवलं की तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ती क्वार्टरबॅक म्हणून खेळणार नाही, दुसऱ्या कुठल्याही जागी उभी राहील. कोचने ती जागा माझ्या मुलीला दिली.

ऑफिसात पुणेकर माझ्या टेबलाशी आला. "अरे, तुझी ताटातली शिकवणी आमच्या कन्येला फार उपयोगी पडली हं. थँक्यू म्हणालीय." मग माझं तोंड बघून तो थांबला. "तुला खरंच वाईट वाटलं का? मी गंमतीत सांगितलं रे घरी."

नागपूरकर मला आता 'क्वार्टरबॅकचे वडील' म्हणू लागला. सगळ्यांदेखत, चहा देताना. "घ्या, क्वार्टरबॅकचे वडील. साखर कमी टाकली, गोड बातमी आधीच आहे तुमच्याकडे." त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. तो फक्त मला सोडत नव्हता.

घरी मुलगी सरावाहून आली ती वैतागून. "शी इज बेटर दॅन मी, बाबा. एव्हरीवन नोज इट. शी थिंक्स शी चोक्ड." मग जरा वेळाने मराठीत म्हणाली, "ती घाबरली नव्हती. मी तिच्या समोर उभी होते." एवढं सलग मराठी तिने मला कितीतरी दिवसांत ऐकवलं नव्हतं, आणि मला मान वर करता आली नाही.

शुक्रवारी दुपारी मी अजमानला गेलो. आधी तिच्या वडिलांना बाहेर गॅलरीत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या दिवशी मध्यंतरात तुम्ही चायसाठी उठलाच नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"तरीच. साखरच नव्हती त्यात." मग म्हणाले, "मला सांगून काय होणार, भाऊ? आत आहे ती. तिला सांगा."

आत तिच्या आईने सांदण पुढे ठेवलं. मी ते न खाता सगळं सांगितलं. करामा, वाट्या, ताक, मध्यंतर, गाडी. ती मांडी घालून बसली होती, आणि मी बोलत असताना तिचा चेहरा हळूहळू रागाने लाल झाला. आरशात दिसला होता तो कोमेजलेला चेहरा नव्हता हा. मला बरं वाटलं.

"लिंबाच्या फोडी बचाव होत्या?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मी आमटी."

"हो."

"अब्बा, बघा. आमटी." ती दारात उभ्या असलेल्या वडिलांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काका, मला कळलं. पण मुलींना अजून वाटतंय मी घाबरले. त्यांना कोण सांगणार?"

मी म्हणालो, "मी सांगेन. मैदानावर."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"इंग्लिशमध्ये सांगा. नाहीतर तुमची मुलगी भाषांतर करताना अर्धं खाऊन टाकेल."

शनिवारी सामन्याआधी कोचने मुलींना गोलात उभं केलं आणि मला बोलावलं. नागपूरकर खुर्ची उचलून जवळ घेऊन आला, नीट ऐकू यावं म्हणून. माझं इंग्रजी ऑफिसात बरं चालतं. तिथे नऊ मुलींपुढे ते अडखळायला लागलं. मी म्हणालो की मागच्या सामन्यात तुमचे शब्द समोरच्यांना आधीच माहीत होते. ते मी फोडले, बढाई मारताना. मध्यंतरात मला सगळं समजलं होतं आणि मी गप्प बसलो. तुमच्या क्वार्टरबॅकने एकही चेंडू चुकीचा फेकला नाही. तुम्ही माझ्यामुळे हरलात, आणि त्यासाठी मी तुम्हा सगळ्यांची माफी मागतो.

मग मी तिच्याकडे वळलो. यापुढचं इंग्रजीत जमण्यासारखं नव्हतं.

"तू विचारलंस तेव्हा मी थोडासा म्हणालो," मी म्हणालो. "ते खोटं होतं. तुझा आवाज एकदाही कापला नाही. माझी लाज वाचवायला मी तुला तुझ्यावरच शंका घ्यायला लावली. माझं चुकलं, बाळ. मला माफ कर."