दुसऱ्यांदा विचारलं नाही

"लंडनला नर्स म्हणून चाललीस की चहाची टपरी टाकायला?"

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. रेहाना उभी होती. मी तिच्या शेजारी बसले होते. मीही हसले. चांगली दात काढून हसले.

महाडमधला इंग्रजीचा क्लास. परदेशात नर्स व्हायचं तर इंग्रजी ऐकून समजतं की नाही, याची परीक्षा द्यावी लागते. रेहाना आणि मी एकाच हॉस्पिटलात, एकाच वॉर्डात. ती महाडजवळच्या नाते गावची, मी पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली. सुट्टी जुळवून दोघी रविवारी क्लासला जायचो. तिला बाहेर जायची घाई माझ्यापेक्षा जास्त. वडील गेलेले, भाऊ आखातात. त्याच्या जिवावर किती दिवस बसून खायचं, म्हणायची.

सर मोठ्या व्यापाऱ्याच्या घरातले. स्वतः परदेशात शिकून आलेले. त्यांची एक पद्धत होती. रेकॉर्डिंग वाजवायचं आणि एकाला उभं करायचं. उत्तर चुकलं की त्याने उभंच राहायचं, पुढचं रेकॉर्डिंग संपेपर्यंत. इंग्रजी शाळेतून आलेली मुलं फारशी उभी दिसत नसत. उभ्या असायचो आम्ही, गावाकडच्या.

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग तर सोपं वाटलं. वॉर्डात एक म्हातारी. नर्स तिला विचारते, चहा घेणार का? म्हातारी म्हणते, "आय ॲम ऑल राइट, थँक यू." बस्स, एवढंच. सरांचा प्रश्न होता, आता नर्स काय करील?

रेहानाला उभं केलं. तिने चोरून माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर हात धरून पुटपुटले, "चहा आणणार ना गो. पहिल्यांदा कोण हो म्हणतं?"

माझी खात्री होती. आमच्या वॉर्डात रोज हेच चालतं. डोंगरावरून म्हातारी माणसं येतात. चहा विचारला की म्हणतात, "नको गो बाय, कशाला. बरी हाय मी." एकदा नको म्हणायचंच. लगेच हो म्हणणारा हावरट. मग आपण पुन्हा विचारायचं, मग ती कप हातात घेणार. दुसऱ्यांदा न विचारणारी नर्स आमच्याकडे माजोरी ठरते. नवीन पोरींना आम्ही पहिलं हेच शिकवतो.

रेहानाने माझंच वाक्य इंग्रजीत जुळवून सांगितलं. नर्स चहा आणील, कारण पहिल्यांदा कुणी हो म्हणत नाही.

आणि मग ती टपरी.

हसणं थांबल्यावर सरांनी माझ्याकडे बोट केलं. "तू सांग."

मला काही कळलं नव्हतं. त्या वाक्याचा अर्थ तेव्हाही माहीत नव्हता. फक्त सरांच्या तोंडावरून 'आणणार' हे चुकलंय एवढं दिसत होतं. मी म्हणाले, "नाही आणणार, सर."

"शाब्बास. ही बघा, डोकं वापरते. तिकडे असं म्हणतात म्हणजे नको. चहा तिच्या घशात ओतायचा नसतो, चहावाली."

रेहाना पुढचं रेकॉर्डिंग संपेपर्यंत उभी होती. नंतर एस.टी. स्टँडवर एवढंच म्हणाली, "तू तर म्हणालीस ना गो, आणणार?"

"मला नंतर क्लिक झालं," मी म्हणाले. खोटं. सपशेल खोटं.

माझंच उत्तर होतं हे सरांना तिने सांगितलं नाही, वर्गात कुणाला सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर मी तिथेच तोंडघशी पडले असते. तिने मला झाकलं, आणि मी झाकून घेतलं. पुढच्या रविवारी ती दारातून आत आली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "एक कटिंग." सर गालात हसले. मी वहीत डोकं घातलं. काही रविवार तिने रेटले, मग यायची बंद झाली. वॉर्डात भेटायची. कामापुरतं बोलायची. मी विचारलंच नाही, का येत नाहीस. कुठल्या तोंडाने विचारणार?

मी परीक्षा पास झाले. सरांनी माझा फोटो क्लासच्या बोर्डावर लावला. नव्या बॅचसाठी हॉल घेऊन कार्यक्रम ठेवला आणि मला स्टेजवर बसवलं. समोर पोरी, त्यांचे आईबाप. रेहानाच्या नाते गावच्याही दोघीतिघी होत्या.

सरांनी माइक घेतला आणि तोच किस्सा सुरू केला. चहावालीचा. नाव नाही घेतलं, पण गाव घेतलं. हॉल हसला. समोरच्या त्या पोरींनी माना खाली घातल्या. त्यांना कळलं होतं कोण ते.

"आणि शेजारीच बसलेल्या हिने बरोब्बर उत्तर दिलं," सर म्हणाले. "सांग, कसं काय ओळखलंस?" माइक माझ्या हातात.

मी म्हणाले, "मी नाही ओळखलं. चहा आणणार, हे माझं उत्तर होतं. मीच तिच्या कानात सांगितलं. ती फक्त उभी होती."

सर हसले. "गंमत करतेय."

"गंमत नाही, सर. ते वाक्य तुम्ही आम्हाला कधी शिकवलंच नव्हतं. आधी हसलात, मग शिकवलंत. आणि दुसऱ्यांदा विचारणं ही आमची चूक नाही. तिकडे ते चालत नाही, एवढं सांगितलं असतं तरी आम्हाला कळलं असतं. आम्ही काय मठ्ठ नाही."

माइक बंद झाला. खाली उतरल्यावर सर हळूच म्हणाले, "तुझे परदेशाचे पुढचे कागद आता तुझे तूच बघ." बोर्डावरचा फोटोही दुसऱ्या दिवशी गेला. जाऊ दे. बघीन माझं मी.

पण हे सगळं मी केलं कधी? पास झाल्यावर. त्या दिवशी बाकावर माझी दातखीळ बसली होती, ती स्टेजवरच्या चार वाक्यांनी धुऊन निघत नाही. उगाच शूर म्हणवून घेऊ नये माणसाने.

मी नाते गावी रेहानाच्या घरी गेले. हॉलमधलं तिला आधीच कळलं होतं. खाला, म्हणजे तिची आई, आत भाकऱ्या भाजत होती. मी सगळं सांगितलं. माझं चुकलं म्हणाले. रडले.

रेहाना म्हणाली, "मी तीन वर्षं तुझ्यासंगट एका डब्यात जेवलंय. तू तवाच उभं राहायचं होतंस गो."

मी ओढणीने डोळे पुसले.

मग तिने विचारलं, "चहा घेणार?"

सवयीने तोंडातून गेलं, "नको गो, कशाला."

"बरं," रेहाना म्हणाली.

आणि तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. आतून खालाने मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा तव्याकडे वळली. मी चप्पल घातली आणि निघाले.

तिने माफ करावं म्हणून मी हे सांगत नाही. ती करणार नाही, आणि तिने का करावं? मी परदेशात जाईन किंवा इथेच राहीन. पण यापुढे माझ्या शेजारी कुणाला हसण्यासाठी उभं केलं, तर मी बसून राहणार नाही. उत्तर येत असो वा नसो, तिथल्या तिथे उभी राहीन.