मामांचं एकच वाक्य

आमच्या वॉर्डात पेशंटची ट्रॉली ढकलणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणतात. मीही म्हणते, आणि त्यांच्यावर ओरडतेही मीच, कारण इथली सिस्टर मी आहे. मामा आधी चादरीची टोकं नीट खोचणार, चपला कुणाकडे दिल्या ते पेशंटला सांगणार, मग पोटातलं पाणी हलू न देता ट्रॉली लिफ्टमध्ये घालणार. आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात वाकून म्हणणार, "घाबरू नका, देव आहे ना." सगळ्यांना तेच. कोणता देव, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

एकदा एका बाईंनी तक्रार केली. त्यांच्या नवऱ्याला मामांनीच हे वाक्य म्हणून आत नेलं होतं, आणि तो परत आला नाही. "देव आहे म्हणाले होते. मग कुठे होता?" असं त्यांनी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना तोंडावर विचारलं. साहेबांनी फर्मान काढलं, पेशंटसमोर देवाधर्माचं नाव काढायचं नाही. पुन्हा तक्रार आली तर मामांची रवानगी तळघरातल्या धुलाईखात्यात.

मी तणतणले. "मामा, म्हणजे आता चांगलं बोलायचीही चोरी?"

"बाईंचं काय चुकलं, सिस्टर? त्यांना टोचलं. मी धीर द्यायला गेलो म्हणून टोचलेलं काही कमी होतं का?"

त्या दिवसापासून ते दारात नुसता पेशंटचा हात दाबायचे.

मग एका सकाळी ट्रॉलीवर त्याच बाई. पोटाचं मोठं ऑपरेशन आणि सोबतीला कुणी नाही. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते म्हटलं, पण मामा ऐकायला तयार नाहीत. बाईंनी त्यांना लगेच ओळखलं. चेहरा पांढराफटक पडलेला, ट्रॉलीचा कठडा गच्च धरलेला.

"बाई, बोलू की गप्प राहू?" मामांनी विचारलं.

"बोला. पण ते नको."

आता आली का पंचाईत! या माणसाकडे दुसरं वाक्य होतंच कुठे? मामा सगळा पॅसेज नुसते खाकरत चालले. दाराशी येऊन एकदम म्हणाले, "काल आमच्या हिने माझे केस कापले. न्हाव्यावर विश्वास नाही तिचा." आणि त्यांनी टोपी उजवीकडून उचलली. उंदराने कुरतडावं तसं डोकं! बाईंना फिस्सकन हसू आलं.

"आणि डावीकडे?"

"ते याहून भयंकर आहे. बाहेर आलात की दाखवतो."

बाईंनी कठडा सोडला.

दार मिटलं. मामा तिथेच डोळे मिटून उभे, ओठ हलताहेत.

"मामा! नियम!"

"त्यांच्या कानात नाही ना म्हटलं, सिस्टर."

जेवणाची सुट्टी झाली तरी मामा बाकावरून हलले नाहीत. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, पण डोक्यावरची टोपीही काढली नाही. मी देव मानत नाही. पण असल्या माणसापुढे माझी मान आपोआप खाली जाते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दुपारी दार उघडलं. बाई अर्धवट गुंगीत होत्या, ओठ सुकलेले. मामा ट्रॉली धरायला पुढे झाले. बाईंनी मोठ्या कष्टाने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "टोपी काढा."