कच्चा जोड

दुष्काळात धुळीपायी सगळेच तोंडाला रुमाल बांधायचे, पण आमच्या लॅबमध्ये वीर्यतपासणीला येणारे पुरुष तो आत आल्यावरही सोडत नसत. तोही तसाच बसला होता. करमाडचा, शेंद्र्याला एका कारखान्यात वेल्डर. मांडीवर बायकोच्या तीन वर्षांच्या तपासण्यांची जाड फाइल, आणि त्याची स्वतःची ही पहिलीच तपासणी. नवऱ्यांची पाळी नेहमी अशी शेवटी येते, याचा मला अजूनही राग येतो.

नमुना दिल्यावर तासाभरानं त्यानं दारातूनच विचारलं, “मॅडम, मला बघता येईल का?”

मी सूक्ष्मदर्शकासमोरून उठले. त्यानं रुमाल खाली ओढला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ आपले शुक्राणू बघत राहिला.

“लई जणांच्या शेपट्या मानेखालीच वाकल्यात.”

“तिथला भाग घट्ट धरणाऱ्या प्रथिनात सेलेनियम असतं,” मी म्हटलं. “ते कमी पडलं तर असं होऊ शकतं. नक्की कारण डॉक्टर सांगतील.”

“म्हणजे माल कमी पडला अन् जोड कच्चा राहिला.” त्याचा अंगठा बोटावरून सावकाश फिरला, वेल्डिंग चाचपावं तसा.

मग बाहेरच्या भरल्या खोलीत उभं राहून त्यानं बायकोला फोन लावला. “अगं, लेकरासाठी धरलेले ते सोमवार बास झाले. आत्ताच जेवून घे. कच्चा जोड माझा हाय, तुझा नाय.”

बाकांवरचे सगळे रुमाल त्याच्याकडे वळले. पलीकडून ती काय म्हणाली कोण जाणे, तो हसला.

बाहेर धूळ उडत होती. तो गेला तेव्हा रुमाल गळ्यातच होता.