सुमित्राबाईंचा पदर

बोनकोड्याच्या सुमित्राबाईंचा पदर मोठा तरबेज. लग्नाचा मांडव असो की भाजीची गाडी, रूपेशचे ओठ चघळल्यासारखे हलायला लागले की पदर त्याच्या तोंडावर पडलाच म्हणून समजा. दोन मिनिटांनी लेक भानावर यायचा, विचारायचा, "आये, काय झाला?"

"काय नाय रं. चक्कर आली."

आठव्या वर्षी पहिली फिट आली, आता रूपेश एकतीसचा. तेवीस वर्षं हेच उत्तर!

अशाला नोकरी कोण देणार? घरच्याच इमारतीत पाण्याची मोटर चालू-बंद करायची, एवढंच त्याचं काम. गच्चीवरून पाणी कोसळायला लागलं की भाडेकरू ओळखायचे, रूपेशला फिट आली. मग बोंबाबोंब. सुमित्राबाई आधी लेकाकडे धावायच्या, मोटर राहिली मेली चालू.

तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, फिट काही हटेना. शेवटी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, "मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या आतल्या अंगाला, थोडा भाग सुकलाय. फिट तिथूनच निघत असेल तर तेवढा काढता येईल. बऱ्याच जणांची थांबते. पण आधी खात्री हवी."

खात्री करायची कशी? तर भरती व्हायचं, डोक्याला वायरी चिकटवायच्या, गोळ्या कमी करायच्या आणि कॅमेऱ्यासमोर फिटची वाट बघत बसायचं. आता बोला! जी जावी म्हणून बाईंनी गावदेवीला नवसावर नवस बोलले, तीच आता मागून घ्यायची.

दोन दिवस कोरडे गेले. तिसऱ्या दिवशी सुमित्राबाईंनी हात जोडले, "तेवीस वर्सं नको नको बोलले तवा धाडलीस. आता धाड ना गो बाय!"

देवीनं ऐकलं. जेवता जेवता रूपेशचा घास तोंडात तसाच राहिला, ओठ हलू लागले, आणि पदर पडला.

वायरी बघणारी रंजिता धावत आली. "मावशी, पदर काढा! तोंड कुठे वळतंय, हात कुठला आखडतोय, कॅमेऱ्यात दिसायला पाहिजे!"

तोवर फिट ओसरली होती. कॅमेऱ्यात नुसता हिरवा पदर. "हाताची सवय गो पोरी," म्हणत सुमित्राबाई रडायला लागल्या.

मग त्यांनी पदर कमरेला खोचला. पुढच्या दोन्ही वेळी पलंगाची दांडी घट्ट धरून उभ्या राहिल्या. लेकाची लाळ गळतेय, हात वाकडा झालाय, आणि आई हातभर अंतरावर! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. एकदा ऑपरेशन होऊ दे, मग झाकायची पाळीच येणार नाही, एवढंच घोकत राहिल्या.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना बसवून सगळं कॉम्प्युटरवर दाखवलं. "वायरींवरून कळतं, इथली पहिली फिट डावीकडून निघाली. नंतरच्या दोन्ही उजवीकडून. दोन्हीकडून येते म्हटल्यावर एक बाजू काढून फिट थांबणार नाही, उलट आठवण जायची भीती. ऑपरेशन नाही करता येणार."

झाकली ती डावीकडची, उघडी टाकली ती उजवीकडची. सुमित्राबाईंच्या मनानं तेवढंच धरलं. "म्हंजे माज्यामुळंच," त्या म्हणाल्या. "तसं नसतं हो मावशी," डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. कुठलं पटतंय!

रूपेशचं मात्र या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तो पडद्यावर स्वतःला बघत होता. जन्मात पहिल्यांदा.

दोघं रिक्षानं घरी निघाली. कोपरखैरणे आल्यावर रूपेश म्हणाला, "तू तर चक्कर बोलायचीस."

"हो रं."

"मी असा दिसतो?"

सुमित्राबाईंना हुंदका आवरेना. आपण सगळ्या जगासमोर पोराला उघडं टाकलं, आणि हाती काय आलं? त्या माफी मागणार, तोच रूपेश बाहेर बघत बोलला, "आये, आता पदर टाकत जा. कोनी सांगितला तरी काढू नको."

सुमित्राबाईंनी कमरेला खोचलेला पदर उपसून मोकळा केला.