तात्यांचा उजवा पाय

तात्या खाटेवर आडवे असले तरी कुठंतरी निघालेलेच असायचे. पहिल्या दिवशी मी धायरीच्या त्यांच्या घरात शिरले, तर ओळखपाळख राहिली बाजूला, "पोरी, तुझी स्कूटर बाहेर हाय ना? मला खालच्या विहिरीपतुर सोड," म्हणाले. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू लुळी, आणि गृहस्थ विहिरीवर निघालेत! जमीन सगळी मुलानं बिल्डरला विकली होती, उरली होती ती विहीर. झटक्याआधी स्वतःच्या पायांनी तिथं जाऊन आल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही.

मी तेव्हा नवीनच फिजिओथेरपिस्ट झाले होते, कर्वेनगरहून रोज यायचे. तात्या व्यायामही घाईघाईनं करायचे. "उरक, उरक. बसून खायला जन्मलोय का मी?" गुडघा वळायला लागला, मूठ मिटायला लागली. घोटा मात्र ढिम्म. त्यांच्या तळपायाला मी माझा तळहात लावायचे आणि सांगायचे, "ढकला तात्या, जोरात ढकला मला." छे! घोट्यात जोर नाही, तर पाऊल पुढं पडणार कसं? मी चिडायचे, त्यांच्यावर आणि स्वतःवरही. निघताना तात्या डाव्या हातानं माझ्या हाताला शिवून तोच डावा हात स्वतःच्या कपाळाला लावायचे. मला वाटायचं, आभार मानतात बिचारे.

त्यांचा मुलगा सुरेश शेवटी कंटाळला. "मॅडम, आशा तरी किती लावायची? सोमवारी चाकाची खुर्ची आणतो," म्हणाला. तात्यांनी ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

शनिवारी मी दारात चपला काढत होते. आत तात्या उशीवरून खाली घसरले होते. त्यांनी खाटेच्या पायथ्याच्या फळीला उजवा पाय लावला, जोर दिला आणि सर्रकन वर सरकले. उजवा पाय!

"अहो तात्या!" मी ओरडलेच. "फळीला ढकलता, मग माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

तात्या ओशाळले. "लेकीबाळीला लाथ मारू व्हय? नुसता तळवा लागतो तुझ्या हाताला, तर रोज पाया पडून घेतो मी."

म्हणजे ते आभार नव्हतेच! मी कपाळावर हात मारून घेतला आणि सुरेशला हाक मारली. त्याला पायथ्याशी बसवलं, त्याचा तळहात तात्यांच्या तळपायाला लावला.

"याला चालेल?"

"ह्याला?" तात्यांचे डोळे लकाकले. "ह्याला कवाबी!" सुरेशचा हात मागं गेला. "ही खुर्चीबद्दल," तात्या म्हणाले, आणि लगेच दुसरी हाणली, "ही जमिनीबद्दल." सुरेश हसत होता आणि डोळेही पुसत होता. खुर्ची काही आली नाही.

मग रोज सुरेशनं लाथा खाल्ल्या. तात्या काठी टेकत खोलीत फिरू लागले, पण खाटेवरून उठायला कुणाचा तरी खांदा लागायचाच. त्यापायी त्यांची नुसती तगमग व्हायची. एके दिवशी सुरेश गावात गेला होता. मी म्हटलं, "आज मला ढकला."

"नाय."

"लेक म्हणता ना? मग लेकीचं ऐका की!"

तात्यांनी डोळे मिटले आणि दिली ढकलून. उकिडवी बसलेली मी मागं कोलमडले, डोकं कपाटावर आपटलं.

"अगं माझे आई! लागलं का गं?" तात्या माझ्याशेजारी वाकून माझं डोकं चाचपत होते. काठी भिंतीला टेकलेली, खांद्याला कुणीही नाही. दोघांनाही ते एकदमच कळलं.

"पोरी, उभा हाय की गं मी!" त्यांनी माझ्या हाताला शिवून घाईघाईनं हात कपाळाला लावला. "तू बस जरा," म्हणाले, आणि काठी उचलून विहिरीकडं निघालेसुद्धा. मी एका पायात चप्पल घालून मागं धावले.

बऱ्याच वर्षांनी तात्या गेले, तेही सकाळी विहिरीवर जाऊन आल्यावरच. बातमी कळल्यावर मी खूप रडले. माझा हात आपोआप डोक्यामागं गेला. तिथं त्या दिवशी टेंगूळ आलं होतं आणि ते मी घरी सगळ्यांना कौतुकानं दाखवत फिरले होते.